कूलरपुढे जलरंग

मे महिन्यात नागपुरात जलरंगात चित्र काढायचं म्हणजे रंगाशी शर्यत लावायची. पानाच्या देठाशी ब्रश टेकवावा, टोकापर्यंत न्यावा, तोवर देठाकडचा रंग खडखडीत वाळलेला असतो. दोन रंग जिथे हळूच एकमेकांत मिसळायला हवेत तिथे टराटर रेघ उठते. बरं, कूलर लावावा, तर त्याच्या ओल्या वाऱ्याने कागद कच्च्या पापडासारखा चारी कोपऱ्यांनी वर येतो. कूलर बंद केला की घाम. गेल्या वर्षी बहाव्याच्या घोसावर माझ्या कपाळाचा घाम टपकन पडला, आणि खरं सांगते, त्या ठिकाणी रंग जसा पसरला तशी पाकळी मला त्यानंतर एकदाही जमली नाही.

आता सकाळी साडेपाचला बसते. आठ वाजता आवरतं घेते. सध्या नवतपा, म्हणजे मेच्या शेवटचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू आहे, त्यामुळे साडेसातलाच.

मी ३१ वर्षं एका सरकारी कचेरीत अनुरेखक होते. साध्या भाषेत ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीत काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि रॉट्रिंगच्या पेनने शाईत उतरवायचा. कालव्याचे काटछेद, पुलांचे खांब, कॉलनीतल्या क्वार्टरांचे संडास-बाथरूमसुद्धा. रेघ चुकली की ब्लेडने शाई खरवडायची आणि नखाने घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. मग त्याची प्रत काढायला अमोनिया प्रिंट; तो वास साडीला घरापर्यंत यायचा. पुढे संगणकावर नकाशे काढणारं ऑटोकॅड आलं आणि आम्ही टेबलं अडवून बसलेली माणसं झालो. सांगायचं इतकंच की हात स्थिर होता. शून्य पूर्णांक तीन मिलिमीटरची रेघ मी डोळे मिटून ओढली असती. निवृत्तीनंतर झाडांची पानं काढायची ठरवलं तेव्हा वाटलं, यात काय आहे? गिरवायचंच तर आहे.

बजाजनगरातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीला लागून करंजाचं झाड. पहिलं पान त्याचंच काढलं, २०१४ च्या ऑगस्टमध्ये. शेजारच्या वहिनींनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "प्लास्टिकचं समोर ठेवलं होतं का हो?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पानाची कड सगळीकडे एकाच जाडीची होती. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या होत्या. एका देठावर पाच पर्णिका, पाचही तंतोतंत. जे दिसत होतं ते मी काढलंच नव्हतं. पान कसं असायला हवं याचा मंजूर नकाशा काढला होता. शिवाय झाडावरून तोडताना सगळ्यात न किडलेलं पान शोधून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये करंजावर असं पान शोधायला पाऊण तास लागतो, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पावसाळ्यात त्याच्या पानापानावर बारीक फोड उठलेले असतात, कुठे पानाच्या आतून पोखरत गेलेल्या अळीचे पांढुरके डाग, कुठे कडेला अर्धगोल घास. करंजाचं ऑगस्टमधलं खरं पान ते असतं. दुसऱ्या आठवड्यात तसं काढायला बसले तर चौकीदार वर डोकावून म्हणाला, "मॅडम, हे काऊन काढून राहिल्या? किडलं हाय ना ते." मी म्हटलं, "म्हणूनच." तो बिचारा काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून चांगली किडलेली पानं तोच आणून देतो.

दर रविवारी एक पान, फूल, शेंग, जे असेल ते. कोपऱ्यात तारीख, जागा आणि एक ओळ. अकरा वह्या झाल्या. पुण्याहून मुलगी म्हणते, "आई, फोटो काढ ना, दोन सेकंदांचं काम." फोटो मीही काढते, पण फोन उचलताना मी झाडाकडे बघतच नाही, फोनकडे बघते. पेन्सिल हातात असली की मी तीस-चाळीस मिनिटं त्या एका डहाळीशी बांधलेली असते, आणि ती डहाळी तेवढ्या वेळात मुंगी, मुंगीचा रस्ता, देठाच्या बुडाशी असलेली गाठ, सगळं दाखवते.

या वह्यांनी माझी एक जुनी समजूत पार उलटवली. जन्म नागपूरचा, साठ उन्हाळे इथे काढले, आणि मला वाटत होतं की उन्हाळा म्हणजे नुसतं भकास. झाडं कशीबशी तग धरून असतात, पाऊस आला की जिवंत होतात. तुम्हालाही तसंच वाटत असेल. वह्या महिन्यांप्रमाणे लावून पाहिल्या तर जानेवारीची पानं रिकामी रिकामी, आणि मार्च-एप्रिल-मेमध्ये रविवार पुरत नाहीत म्हणून मधल्या बुधवारचीही चित्रं. करंजाची पालवी, कडुनिंबाचा मोहर, पिंपळाची तांबूस पानं, बहावा, गुलमोहर, सोनमोहर, तामण, सगळं चढत्या उन्हात. पाऊस यायला अजून दोन-दोन महिने आहेत, जमिनीला भेगा आहेत, आणि हा करंज दहा-बारा दिवसांत आख्खा नवा होतो.

कसा, याचं उत्तर वाचून काढलं. पानं झडली की पाणी बाहेर टाकण्याचा मोठा खर्च थांबतो, मुळं खोल असतात, खोडात ओल पुन्हा भरते आणि तेवढ्या भांडवलावर झाड पावसाची वाट न बघता पालवतं. त्यात हिशेबही आहे. पहिल्या पावसाबरोबर अळ्या-किड्यांची पलटण येते, तोवर पान कोवळं राहिलं तर संपलंच. म्हणून ते आधीच येऊन जून होऊन बसायचं. आणि कोवळेपणी तांबूस-गुलाबी असायचं, कारण हिरवा रंग अजून भरायचा असतो आणि तांबडा रंग कोवळ्या पानाला उन्हापासून आडोसा देतो. मला यातलं सगळं आवडतं ते एका वेगळ्याच कारणासाठी. आपल्याकडे चैत्रपालवी हा शब्द आहेच की! मी तो आयुष्यभर शुभेच्छापत्रांवर वाचला आणि सुविचारासारखा बाजूला ठेवला. तो शब्द सरळसरळ निरीक्षण आहे. पंचांगातही वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. म्हणजे ज्याला आपण उन्हाळा म्हणून शिव्या घालतो तोच. (ग्रीष्माचं मात्र पंचांगाशी जमत नाही. ज्येष्ठ-आषाढ म्हणे ग्रीष्म. आषाढात नागपुरात छत्री लागते.)

आता पळसाबद्दल जरा सविस्तर, कारण त्याने मला सगळ्यात जास्त छळलं आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी सेमिनरी हिल्सला किंवा गोरेवाड्याच्या बाजूला जा. पळसाला एकही पान नसतं. फांद्या वेड्यावाकड्या, राखी. त्यावर आधी काळसर कळ्या येतात. लांबून वाटतं झाडाला कुणीतरी कोळसा फासला आहे. कळी हातात घेतली तर ती काळी नसते, गडद तपकिरी मखमल असते, बोटाला अगदी मांजराच्या कानासारखी लागते. त्या मखमलीच्या वाटीतून केशरी पाकळ्या बाहेर पडतात. एक मोठी पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना पंख, आणि मध्ये पोपटाच्या चोचीसारखी बाकदार, मिटलेली जोडी. पुंकेसर त्या चोचीत लपलेले असतात: दहा, त्यातले नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. हा सुटा दहावा मला पाच वर्षं दिसलाच नव्हता. सहाव्या वर्षी चोच सुईने उघडून, भिंग लावून मोजले तेव्हा सापडला. तोवरच्या सगळ्या चित्रांत नऊच आहेत. खोडले नाहीत, तसेच ठेवलेत.

मैना आणि शिंजीर मधासाठी येतात, आणि पानं नसल्यामुळे फुलं त्यांना मैलावरून दिसतात. फुलाला वास नाही. पक्ष्यांसाठी फुलणाऱ्या झाडाला वासाचं काम पडत नसावं.

खरी पंचाईत रंगाची. शेंदरी लावा, केशरी लावा, त्यावर पिवळ्याचा हात फिरवा, कागदावर पळस विटलेलाच दिसतो. बाजारातल्या कुठल्याही ट्यूबमध्ये तो रंग नाही. मग सासूबाईंची आठवण झाली. त्या होळीला पळसाची वाळलेली फुलं रात्री गरम पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी पिवळं-केशरी पाणी तयार. तेच केलं. चार मुठी फुलं, एक तांब्या पाणी. गाळून घेतलं, निम्म्यावर आटवलं. चिमूटभर खायचा चुना टाकला आणि पाणी बघता बघता गडद नारिंगी झालं. त्या पाण्याने पळसाचं फूल रंगवलं. ओलं असताना काय दिसलं म्हणून सांगू! मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवलं. ह्यांनी चष्मा न लावताच "छान" म्हटलं.

ते २०१९ चं चित्र. आज ते पान उघडलं तर फुलाचा रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा झाला आहे. फुलांचा रंग उजेडाला टिकत नाही. दुकानातल्या रंगाने काढलेला शेजारचा पळस, जो मला तेव्हा खोटा वाटला होता, तो अजून जसाच्या तसा आहे.

आणि पळसाची पानं. 'पळसाला पानं तीनच' हे सगळ्यांना पाठ असतं. मीही कचेरीत बदलीच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी ऐकलं आहे. मुळात ती तीन पानं नाहीत, एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. ते राहू द्या. गंमत पुढे आहे. मधली पर्णिका दोन्ही बाजूंनी बरोबर असते, पण बाजूच्या दोघी देठापाशी तिरप्या असतात, बाहेरचा भाग रुंद आणि आतला अरुंद. मी तिन्ही एकाच साच्यातल्या काढायची. सासूबाई लहानपणी गावी पत्रावळी लावत. माझं चित्र पाहून त्या म्हणाल्या, "ही डावी आन् ही उजवी, कुठी लावशील ते पाहून घ्यावं लागते. तुया चित्रातल्या पानाची पत्रावळ नाही व्हायची." इतकी नेमकी समीक्षा मला नंतर कुणी दिली नाही. पोळ्याच्या पाडव्याला दारात पळसाच्या डहाळ्या ठेवतात, तेव्हा सासूबाई अजूनही आठवतात. गल्लीतून पोट्टे "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत गेले की मी दारातली एक डहाळी उचलून आत आणते आणि डावी-उजवी बघून काढते.

बाकीच्या फुलांचं थोडक्यात. गुलमोहर मादागास्करचा आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा, हे कळल्यावर आधी उगीच परकं वाटलं, मग तेही गेलं. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांतल्या चार लाल आणि पाचवी पांढऱ्या-पिवळ्यावर लाल ठिपक्यांची असते. लहानपणी आम्ही त्याच्या पुंकेसरांत पुंकेसर अडकवून कोंबडे लढवले, पण पाचवी पाकळी कधी पाहिली नाही. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो असं म्हणतात. माझ्या अकरा वह्यांत तो हिशेब चार वेळा जवळपास बसला आहे. सात वेळा बसलेला नाही. तरी लोक सांगतात, आणि मीही सांगते.

पावसाळ्यात मी झाडं सोडते आणि खाली बघते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा पडला आहे, बहुतेक कोर्टात आहे. जुलैत तिथे तरोटा गुडघाभर होतो. कोवळा असताना दोन-चार बायका भाजीला खुडून नेतात. आघाडा, केना, माका, मधून मधून गाजरगवत. भिंतीच्या फटीत एकदांडी. तिचं फूल बोटाच्या नखाएवढं, आणि भिंगाखाली धरलं तर ते एक फूल नाहीच. मध्ये पिवळ्या नळ्यांसारख्या फुलांची दाटी आणि कडेला पाच-सहा फिकट पाकळ्यांसारखी फुलं, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. खाली तो एकच लांब, केसाळ दांडा. एक जुलै पूर्ण मी तिच्यावर घालवला. या दिवसांत रंग वाळत नाही म्हणून उलटी बोंब. अर्धा तास पंख्याखाली ठेवा, तरी कागद गार लागतो. प्लॉटवर ऑगस्टमध्ये जेसीबी येऊन सगळं सपाट करून जातो आणि पंधरा दिवसांत तरोटा परत.

ऑक्टोबरमधलं काढता येत नाही. सप्तपर्णी रात्री गल्लीभर घमघमते, कुणाला आवडते, कुणाचं डोकं दुखतं (माझं दुखतं), आणि बुचाची लांब देठाची पांढरी फुलं सकाळी रस्त्यावर पडलेली असतात. फुलं काढली. वासाचं काय करणार? कोपऱ्यातल्या ओळीत "डोकं दुखलं" असं लिहून ठेवलं आहे.

हिवाळ्यात शिरीष. पानं गळालेली, नुसत्या वाळक्या, चपट्या, गव्हाच्या रंगाच्या शेंगा, आणि वाऱ्यात त्यांचा खुळखुळा. त्या शेंगा काढताना माझी जुनी रेघ बरोबर कामाला येते.

आता करंजाकडे परत. चार वर्षांपूर्वी आमचा रस्ता सिमेंटचा झाला. त्याबरोबर कडेच्या पट्टीवर ब्लॉक बसवले आणि झाडांच्या बुंध्याला अगदी चिकटून काँक्रीट ओतलं. बोट घालायला जागा नाही. मी अर्ज लिहिला. मराठी अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, शिवाय सोबत बुंध्याचा मापासहित आराखडा जोडला, एक मीटर बाय एक मीटर मोकळी माती कशी ठेवता येईल ते काटछेदासह दाखवून. पोच मिळाली. उत्तर नाही. स्मरणपत्र दिलं, त्याचीही पोच मिळाली. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं 'हेरिटेज' म्हणून धरली जातात. आमचा करंज तेवढा नसावा. त्याच्या वयाचा दाखला नाही आणि माझ्याकडे फक्त अकरा वर्षांच्या वह्या.

शेवटी नळाच्या कामाला आलेल्या दोन मजुरांना चौकीदाराने बोलावलं. सब्बल, म्हणजे पहार, त्यांच्याकडे होतीच. तीनशे रुपये आणि तर्री-पोहे यावर सौदा ठरला. दीड तासात बुंध्याभोवतीचं काँक्रीट निघालं. ही गोष्ट रीतसर नव्हती हे मला ठाऊक आहे. ३१ वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला ते जास्तच ठाऊक असतं.

पूर्वेकडची, म्हणजे रस्त्यावर झुकलेली फांदी मात्र त्यानंतर पालवली नाही. २०२२ पासून नाही. सिमेंटमुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रस्ता खोदताना मूळ तुटलं असेल, काही रोग असेल. पण वह्यांत दिसतं ते दिसतं: आधीच्या प्रत्येक मार्चमध्ये त्या फांदीवर तांबूस पालवी रंगवलेली आहे, आणि नंतरच्या पानांवर तिथे नुसत्या रेघा. बाकी झाड यंदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पालवलं, एप्रिलभर खाली लाह्या सांडल्यासारखी गुलाबी-पांढरी फुलं पडत राहिली, आणि आता पानं गडद, जून, किड्यांची वाट बघत उभी आहेत.

वाळक्या फांदीवर रोज एक कोतवाल पक्षी येऊन बसतो. पानं नसल्यामुळे त्याला तिथून चारही बाजू दिसत असाव्यात. या रविवारी पानं सोडली आणि तीच फांदी काढली. कोतवाल चित्रात नाही, तो दोन मिनिटांतच उडाला. गाठी, साल सुटलेले भाग, तीन ठिकाणी मोडलेल्या काटक्या. जुनं रॉट्रिंग शोधून काढलं, निब गरम पाण्यात ठेवून साफ केली, आणि शाईतच केलं. दुपारी दोन वाजेपर्यंत बसले होते. रंग लागणार नव्हता, म्हणून कूलर चालू ठेवला.